बारावी मूठ

लाईट गेली तर गेली. तिच्या नावानं ओरडून ती काही लवकर येत नाही. बसा असेच ओट्यावर. पुना, तो मोबाईलचा उजेड बंद कर, किडे येतात. आणि तुला नाल्याच्या फरशीपुलावरूनच घरी जायचंय ना? मग तू तर नीट ऐक. ऐकून झालं की ठरव, आत्ता निघायचं की उजाडल्यावर.

मी एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टर होतो. गाडी किती वाजता सुटली, कुठं किती मिनिटं थांबली, हे लिहिण्यात जन्म गेला. त्यामुळे वेळेच्या बाबतीत अभिमन आबा थापा मारत नाही. बाकीच्या बाबतीत मारतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

ही गोष्ट आपल्या वना भाऊंच्या जावयाची. रणजित त्याचं नाव. त्यानं स्वतः मला सांगितली, इथंच बसून, आणि सांगताना चहाचा कप त्याच्या हातात गार होऊन गेला. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. वार शनिवार, म्हणजे कानबाईच्या सणाची आदली रात्र. आजच्यासारखीच.

रणजित सांगलीकडचा. पुण्यात नोकरी, तिथंच आपल्या दिपमालाशी लग्न जमलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण कानबाईला तो कधी आला नव्हता. त्या वर्षी तीन दिवसांची रजा टाकून आला आणि येण्याचं कारण त्यानं लपवलं नाही. खायला आलो म्हणाला. शुक्रवारी रात्री सासूबाईंनी, म्हणजे भिकुबाईंनी, शेवभाजी केली. ‘आमच्या सांगलीत’ असं तो दोन घासांत दोनदा म्हणाला. तिसऱ्या घासाला त्याच्या नाकातोंडातून पाणी यायला लागलं आणि सांगली तिथंच राहिली. दिपमालाच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. शनिवारी दुपारी डुबुकवड्यांची आमटी आणि कळण्याची भाकरी. सासुरवाडीत जावयाला दुसरं काम काय? खायचं, लोळायचं, पुन्हा खायचं.

जेवणं झाल्यावर माजघरात गहू मोजायला घेतले. तुम्ही पोरं शिकायला बाहेर गेलात, तुम्हाला निम्मं ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, गहू असे डब्यातून ओतून घेत नाहीत. भावकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं मूठ भरून सुपात टाकायची. पाळण्यातल्या पोराचीही मूठ. परगावी असेल त्याचीही. ते गहू वेगळे दळायचे आणि त्याचे रोट त्याच घरच्यांनी खायचे. जावयाला तो रोट चालत नाही, गव्हाला त्यानं हातही लावायचा नाही. वना भाऊंच्या भावकीत तीन घरं आणि मुठी अकरा. वर्षानुवर्षं अकराच.

पण त्या साली ज्ञानेश्वरला, म्हणजे वना भाऊंच्या मुलाला, मुलगा झालेला. त्याच्या बायकोला, नूतनला, सहा वर्षांनी मूल झालं होतं. अडीच महिन्यांचं बाळ, अजून नावही ठेवलं नव्हतं. म्हणजे मुठी व्हायला हव्या होत्या बारा. भिकुबाई नावं घेत गेल्या. दहा झाल्या. अकरावी ‘बाळाची’ म्हणून टाकली. बारावीसाठी त्यांनी गव्हात हात घातला आणि वना भाऊ म्हणाले,

“बस कर.”

भिकुबाईंचा हात तसाच राहिला.

“आते बस कर,” वना भाऊ म्हणाले, आता पुरे म्हणून. “बावीस वरीस व्हई ग्यात. ना चिठ्ठी, ना फोन. जित्ता माणूस इतला गप नही ऱ्हास.”

“तुम्हना भाऊ शे तो.”

“माले माहीत शे.”

“आनि जित्ता व्हई तं?”

“आनि मरेल व्हई तं? मरेल माणसनी मूठ पोऱ्यानी मूठना जोडे टाकशी का तू?”

पेच खराच होता. जिवंत माणसाची मूठ वगळली, तर घरच्यांनीच त्याला मेला म्हटल्यासारखं. मेलेल्याची घातली, तर ती तान्ह्या पोराच्या मुठीत मिसळणार. नूतन दारात बाळाला घेऊन उभी होती. भिकुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मूठ सोडली, गहू परत डब्यात पडले.

हा माणूस म्हणजे लोटन. वना भाऊंचा धाकटा भाऊ. भिकुबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो चार वर्षांचा होता, आई नसलेला. ह्या माउलीनं त्याला न्हाऊ घातलं, वाढवलं. एकोणीस वर्षांचा असताना एका रात्री कपाशीला पाणी सोडून तो बांधावर झोपला, सकाळी सगळं वावर तुंबलेलं. वना भाऊंनी त्याला चारचौघांत थोबाडीत मारली. त्याच दिवशी पोरगा सुरतेला निघून गेला. तिकडे कापडाच्या लूमवर, मागावर लागला एवढं कळलं, पुढं काहीच नाही. तरी बावीस वर्षं भिकुबाई त्याची मूठ घालत होत्या.

रणजितनं हे सगळं एका कोपऱ्यात बसून ऐकलं. जावई माणूस, बोलणार काय?

आता कामाचं. आपल्या गावच्या गिरणीची मोटार त्याच दिवशी जळली. राहिली फाट्यावरची छगनची गिरणी, सहा किलोमीटर. ज्ञानेश्वर पूजेच्या सामानासाठी अमळनेरला गेलेला, त्याची मोटारसायकल तिकडेच पंक्चर. घरात चारचाकी एकच, जावयाची. रणजित म्हणाला, मी जाऊन येतो, त्यात काय. खाऊन खाऊन त्यालाही लाज वाटत असेल.

भिकुबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी मांजरपाटाच्या फडक्यात गहू बांधले, फडक्याला हळदीचं बोट लावलं आणि गाठोडं स्वतः नेऊन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. दीडेक किलो गहू, पण मान केवढा!

“जवाईबापू, हात नका लावू बरं. तठे छगन उतारी ली. पीठ बी तोच ठेवी. तुम्ही फक्त गाडी चालाडा.”

“नाही लावत, आई.”

सात पन्नासला गाडी निघाली. पाऊस नव्हता म्हणण्याइतकाच होता, काच ओली करणारा. चंद्र ढगाआड. मोबाईलला रेंज शेवटच्या घरापर्यंत, मग थेट फाट्यावरच, ते आजही तसंच आहे. रणजित गाणं लावून चालला होता. आठ वाजून दोन मिनिटांनी त्यानं गाडीतल्या घड्याळात पाहिलं, कारण समोर फरशी दिसली आणि नाल्याचं पाणी वरून तर जात नाही ना, म्हणून त्यानं वेग कमी केला.

फरशीच्या अलीकडे एक माणूस उभा होता.

हात वर केलेला नव्हता. नुसता उभा. सदरा अंगाला चिकटलेला. एवढ्याशा पावसात माणूस इतका भिजत नाही, हे रणजितला नंतर सुचलं. तेव्हा त्याला वाटलं, सासुरवाडीचं गाव आहे, न थांबता गेलो तर उद्या बोभाटा होईल. त्यानं गाडी थांबवून काच खाली केली.

“वना भाऊना जवाई ना तुम्ही?” त्या माणसानं विचारलं. आवाज कोवळा होता. पोरसवदा.

“हो. तुम्ही?”

“घरनाच शे मी. फाटालोंग जास.”

घरचाच आहे, फाट्यापर्यंत जायचंय. रणजितनं मागचं दार उघडून दिलं. माणूस बसला. गाडी फरशीवरून पलीकडे गेली. रणजितनं शिष्टाचार म्हणून चार शब्द विचारले, पाऊसपाणी कसं आहे वगैरे. मागून उत्तर नाही. गाणं मध्येच खरखरायला लागलं, म्हणून त्यानं ते बंद केलं.

मग त्याला फडक्याचा आवाज आला.

गाठ सुटल्याचा.

“अहो,” तो म्हणाला, “त्याला हात लावू नका. रोटाचे गहू आहेत.”

“माले चालस,” मागून आवाज आला. मला चालतं.

गव्हात हात गेला. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. मूठ भरली. मूठ सुटली. दाणे दाण्यांवर पडले.

“एक. वना भाऊनी.”

पुन्हा मूठ.

“दोन. ज्ञानूनी.”

रणजितनं आरशात पाहिलं. आरशात अंधार. पण त्याला अजून भीती वाटली नव्हती. भावकीतला कुणी विक्षिप्त माणूस असेल, असं त्याला वाटलं. तीन, चार, पाच… एकेक नाव घेत, सावकाश. सगळी नावं बरोबर. दुपारी ऐकलेलीच.

“दहा.”

मग मूठ भरली. सुटली नाही.

“अकरा…”

वायपर एकदा फिरला.

“हाई कोननी शे?”

ही कुणाची, म्हणून विचारलं. आणि रणजितनं… आता त्याला दोष देऊ नका, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं… रणजितनं सांगून टाकलं.

“ती बाळाची. ज्ञानेश्वरच्या. अडीच महिन्यांचा आहे.”

“आनि मन्ही?”

आणि माझी, म्हणून.

“मन्ही मूठ कोठे शे?”

तेव्हा त्याला कळलं. दुपारचं माजघर डोळ्यांसमोर आलं. डब्यात परत पडलेले गहू.

“मन्ही मूठ पोऱ्याले दिन्ही?”

…

“घर लई चाल.”

घरी ने. रणजितचा पाय ब्रेकवर गेला, आणि तिथंच थांबला. घरी कोण होतं? नूतन होती. पाळणा होता. ह्याला घेऊन घरी जायचं? आपणच तर सांगितलं, कुणाची मूठ ते.

त्यानं ब्रेक सोडला आणि गाडी पुढं दामटली. मागं वळला नाही. आरशात पाहिलं नाही. मागून पुन्हा आवाज आला, ह्या वेळी अगदी मानेजवळून.

“घर लई चाल ना…”

धमकी नव्हती हो त्यात. रणजित मला म्हणाला, आबा, धमकी असती तर बरं झालं असतं. लहान पोर जत्रेत दमून म्हणतं, तसं होतं ते.

आठ वाजून दहा मिनिटांनी फाट्यावरचा दिवा दिसला. छगनच्या गिरणीसमोर पाच-सहा माणसं डबे घेऊन बसलेली. उजेडात गाडी उभी करून रणजितनं मागं पाहिलं.

सीटवर कुणी नव्हतं. दार बंद. सीट ओली. आणि गाठोडं बांधलेलं.

तो खाली उतरला आणि गाडीला टेकला. छगननं विचारलं, “काय व्हयनं पाव्हना?” तो म्हणाला, काही नाही. छगननं मानाचे गहू म्हणून आधी त्याचंच काम घेतलं. जातं धुतलं, पुसलं, गाठोडं स्वतः उचलून नेलं, मोटार चालू केली आणि गाठ सोडायला बसला.

गाठ सुटेना.

नखानं करून पाहिली. दातानं करून पाहिली. फडकं ओलं झालं होतं आणि गाठ पिळासारखी बसली होती. छगन वैतागला, “भिकुबाई वहिनीनी का कुस्ती खेयेल शे याना संगे?” माणसं हसली. एकानं विळा आणून दिला. छगननं विळ्याचं टोक गाठीत घातलं.

आणि रणजितचा फोन वाजला. दिपमाला होती.

“कुठे आहेस? लवकर ये. बाळ कसंतरी करतंय.”

“कसंतरी म्हणजे?”

“रडत नाही. दूध घेत नाही. नुसतं बघतंय. उजव्या हाताची मूठ अशी आवळलीय की वहिनीला उघडता येत नाही, निळी पडलीय बोटं. गाडी हवी, अमळनेरला न्यायला हवं. किती वेळापासून फोन लावतेय मी!”

“कधीपासून झालं हे?”

“आठ… आठ वाजून गेले होते.”

रणजित छगनच्या अंगावर ओरडलाच. “थांबवा! कापू नका!” गिरणीतला सगळा आवाज थांबल्यासारखा झाला, पण मोटार चालूच होती. मग तो बाहेर आला आणि म्हणाला, आईंना फोन दे.

काय सांगायचं, कसं सांगायचं, काही सुचेना. शेवटी जसं घडलं तसं सांगितलं. रस्त्यात एक माणूस बसला. गहू मोजले. आपली मूठ मागत होता. मी… मी बाळाचं सांगितलं, आई. माझं चुकलं.



“दळाले टाकं का?” भिकुबाईंनी विचारलं.

“नाही. गाठच सुटत नाही.”

“कशी सुटत नही? मी तं साधी गाठ मारेल व्हती.”

…

“आई?”

“दळू नका,” भिकुबाई म्हणाल्या. “दळं का मंग मूठ घालता येत नही. गहू तसाच परत आना.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “आनि त्याले बी लई या. ऐकं का जवाईबापू? त्याले रस्तामा सोडू नका.”

पोरांनो, मी रात्रीच्या गाड्या केल्या आहेत. घाटात बंद पडलेल्या गाडीत एकटा झोपलो आहे. पण त्या पोराला त्या क्षणी जे करायचं होतं, ते माझ्यानं झालं नसतं. मी स्पष्ट सांगतो. घरी बाळाला गाडी हवी होती, म्हणजे उशीर करून चालणार नव्हतं. रस्ता एकच. फरशी त्याच रस्त्यावर. आणि सासूनं सांगितलं होतं, त्याला घेऊन या.

छगननं गाठोडं परत मागच्या सीटवर ठेवलं. आठ वाजून एकतीस मिनिटं.

रणजितनं गाडी पळवली. फरशी आली. उजेडात कुणी नव्हतं. नुसता रस्ता, पाणी आणि पाऊस. एक क्षण त्याला वाटलं, जावं असंच. कुणी नाही तर मी काय करू? घरी पोरगं निळं पडतंय.

पण त्यानं गाडी थांबवली.

उतरला. मागचं दार उघडलं. आणि अंधाराकडे तोंड करून, दिपमालाच्या नात्यानं जे म्हणायला हवं होतं ते म्हणाला,

“काका, चला. घरी बोलावलंय.”

नाल्याचं पाणी वाजत होतं.

“आईंनी बोलावलंय. तुमची मूठ घालायचीय.”

काही नाही.

मग गाडी मागून किंचित खाली बसली.

त्यानं दार लावलं. हळूच. आपटलं नाही. पुढं येऊन बसला. आरसा हातानं वर ढकलून दिला.

साडेचार किलोमीटर.



मागं फडकं हाललं नाही. गहू वाजले नाहीत. फक्त पाणी ठिबकत होतं. टप्… टप्… रबरी पायपुसण्यावर. मारुतीच्या पारापाशी गाडी वळली तेव्हा रणजितला मागून एक हुंदका ऐकू आला, असं तो म्हणतो. मी शपथ घेणार नाही. तोही घेत नाही.

घरासमोर सगळे उभे. ज्ञानेश्वरही कुणाच्यातरी मोटारसायकलवर पोचला होता, बाळाला गाडीत घालायला तयार. भिकुबाई पुढं आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात, तसा त्यांनी रणजितवरून तुकडा ओवाळला, टाकला, पायावर पाणी घातलं.

मग दुसरा तुकडा काढला. गाडीचं मागचं दार स्वतः उघडलं. आणि त्या रिकाम्या दारावरून, सगळ्यांच्या देखत, पुन्हा ओवाळलं.

“ये, बा,” त्या म्हणाल्या. “भलता उशीर व्हयना.”

वना भाऊ ओट्यावर होते. गाठोडं भिकुबाईंनी आत आणलं, तेही मागोमाग आत आले. भिकुबाईंनी गाठ पाहिली, हात लावून पाहिली, आणि सोडायचा प्रयत्नही केला नाही. विळीवर फडक्याचा तो कोपराच कापला. गहू सुपात ओतले. गव्हाचा डबा वना भाऊंच्या पुढ्यात सरकवला आणि बाजूला झाल्या. काढली ज्यानं, त्यानंच घालायची.

ज्ञानेश्वर म्हणाला, आप्पा, लवकर.

वना भाऊ खाली बसले. डब्यात हात घातला. तो हात, बावीस वर्षांपूर्वी भावाच्या गालावर पडलेला. निम्मे गहू जमिनीवर सांडले, पुन्हा भरली, पुन्हा सांडले. नाव घेतल्याशिवाय मूठ टाकता येत नाही आणि नाव काही तोंडातून येईना. आतल्या खोलीत नूतनचं रडणं चाललेलं.

“लोटननी,” वना भाऊ म्हणाले. मग मोठ्यांदा, दाराकडे पाहून, “मन्हा लोटननी!”

मूठ सुपात पडली.

आणि आत बाळ रडलं. असं रडलं की शेजारची माणसं बाहेर आली. हात उघडला होता, दोन्ही हात हवेत झाडत होतं. रात्री नऊ वाजून चार मिनिटं. तरी त्याला अमळनेरला नेलं, दाखवलं, डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते दूध पिऊन तिथंच झोपलं. आता दोन वर्षांचं झालंय, परवा माझा चष्मा तोडला त्यानं.

भिकुबाईंनी ते गहू छगनकडे पाठवले नाहीत. रात्री जात्यावर स्वतः दळले. बारा मुठी. वना भाऊ समोर बसून खुंट्याला हात लावत होते, आणि रडत होते, लपवत नव्हते.

आता तुम्ही विचाराल, लोटन मेला होता का? मला माहीत नाही. पण माझा ह्यात हात आहे, तो सांगतो. चोवीस वर्षांपूर्वी अमळनेर–सुरत गाडीवर कंडक्टर मी होतो. त्या पोराचं तिकीट मी फाडलं. दाराच्या मागची सीट. गालावर बोटं उमटलेली. मी म्हटलं, उतर, परत जा, घरचे काळजी करतील. तो म्हणाला, “कानबाईले येस ना मी, आबा. रोटले येस.” मी बेल मारली आणि गाडी सोडली. ती बेल माझ्या कानातून जात नाही.

म्हणून त्या कानबाईनंतर भिकुबाईंनी तो कापलेला कोपरा माझ्याकडे आणून दिला. म्हणाल्या, आबा, सुरतेले जा, ही गाठ कोनी मारी ते इचारी या. मी गेलो. चार दिवस लूमच्या गल्ल्या हिंडलो. एका म्हाताऱ्या कारागिरानं गाठ पाहिली आणि म्हणाला, ही आमची गाठ. चालू लूमवर धागा तुटला की अशी जोडतात. पण धाग्याला मारतात, फडक्याला कुणी मारलेली मी पाहिली नाही. लोटन नावाचा माणूस? त्याला आठवला नाही. कुणालाच नाही. जिवंत सापडला नाही, मेल्याचं सापडलं नाही. आज दुपारीसुद्धा भिकुबाईंनी निरोप पाठवला, आबा, मूठ घालू ना? मी म्हटलं, घाला. जोवर कुणी काही सांगत नाही तोवर घाला.

थांबा. ती माझी तिकिटांची पत्र्याची पेटी इकडे द्या. ह्यात ठेवली आहे. झाकण घट्ट असतं, कोरडी राहावी म्हणून. ही बघा. घ्या हातात, एकेकानं. भिऊ नका, गाठ आहे, विंचू नाही. पुना, नखानं करू नकोस. सोडायची नाही ती.

काय झालं?

…

हो. ओली लागते.

दोन वर्षं झाली. लागते तशी. दे इकडे.